रिकामी, धुतलेली

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ही वही मॅडमनी दिली. मॅडम म्हणजे आमच्या यार्डात सुरक्षेचं बघायला तीन महिन्यांपूर्वी आलेल्या बाई, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मला खुर्चीत बसवून म्हणाल्या, "बाबा, दिवसभर तुमच्या डोक्यात जे चालतं ते घरी जाऊन लिहून काढत जा. मला दाखवू नका." मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली. तर म्हणाल्या, "मग चौथीच्या अक्षरात लिहा."

दाखवू नका म्हणाल्या, म्हणजे एक दिवस मागणार. म्हणून वही ट्रंकेत, जुन्या गरम कपड्यांच्या खाली ठेवणार आहे.

आज मी गाडी अडवली. या महिन्याभरात दुसऱ्यांदा. काय झालं ते सुरुवातीपासून लिहितो, म्हणजे उद्या कोणी वाचलंच तर माझी बाजूही कळेल.

आमच्या यार्डात मालगाड्या येतात, सुटतात आणि नव्याने जुळतात. मधोमध मातीचं टेकाड आहे. इंजिन डब्यांना मागून ढकलत टेकाडावर नेतं, माथ्यावर एकेक डबा सोडतात आणि तो आपल्या वजनाने उतारावरून गडगडत आपापल्या लाइनीत जातो. खाली स्किडवाले असतात. स्किड म्हणजे रुळावर ठेवायचा लोखंडी जोडा. चाक त्यावर चढलं की डबा घासत घासत थांबतो.

पण सगळे डबे असे सोडून चालत नाही. वायूच्या टाक्या, आम्ल, स्फोटकं, काच, असले डबे आम्ही हाताने पोचवतो. इंजिन त्यांना सोडत नाही, माणसाच्या चालीने नेतं, आणि एक माणूस बाजूने चालतो. या डब्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. पाहुण्याला ढकलायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधा डबा लावायचा.

पाहुणा कोण ते मी ठरवतो. म्हणजे कागदावर असतंच, पण कागदावर किती विसंबायचं? मी प्रत्येक टाकी हातोडीने ठोकून बघतो. रिकामी असली तर ठण्ण करते, भरलेली भद्द. छत्तीस वर्षं हेच केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दर वर्षी मुदत वाढवून देतात, कारण ठोकणारा दुसरा माणूस यार्डात नाही. खडूने दोन गोल काढले की तो डबा पाहुणा, मग त्याला यार्ड मास्तरसुद्धा सोडू शकत नाही.

आज एका टाकीच्या कागदावर "रिकामी, धुतलेली" होतं. मी ठोकली तर भद्द. गाडी थांबवली. दोन तास सगळं खोळंबलं. वर चढून झाकण उघडलं तर आत काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

यार्ड मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, तुम्ही हवेलासुद्धा पाहुणचार करता."

सगळे हसले. स्किडवाल्यांत उभा असलेला माझा जावईसुद्धा हसला असेल. मी बघितलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल काही नाही.

हिचा आवाज हल्ली फार चढलाय. पूर्वी कशी हळू बोलायची. आता साधं "चहा घ्या" म्हणतानासुद्धा भांडल्यासारखी ओरडते. वय झालं की बायकांचा स्वभाव चिडका होतो म्हणतात. मी काही बोलत नाही, उगाच वाढायला नको. चहाच्या किटलीची शिट्टीही बिघडली आहे. परवा पाणी आटून किटलीचं बूड काळं झालं तरी वाजली नाही. ही म्हणाली, वाजत होती. मी समोरच बसलो होतो! आता वाद कुठे घालायचा?

नळ नीट बंद आहे का, कडी लागली आहे का, गॅस बंद आहे का, हे तीन-तीनदा बघतो. तरी चैन पडत नाही.

मनात एक गोष्ट आहे ती लिहावी की नको, ठरत नव्हतं. लिहितो. जावई माझ्या मागे मागे असतो.

जावई आमच्याच यार्डात स्किडवाला आहे. सात आणि आठ नंबरची लाइन त्याची. पोरगी आणि तो आमच्यापलीकडे चौथ्या क्वार्टरमध्ये राहतात. माणूस वाईट नाही, पण पहिल्यापासून आमचं फारसं जमलं नाही. मी त्याला जावईबापू म्हणतो, तो मला मामा म्हणतो, आणि मग बोलायला काही उरत नाही. आता गेले काही महिने मी वळून बघितलं की हा दहा पावलांवर उभा. हातात स्किड, नजर भलतीकडे. मी थांबलो की तोही थांबतो.

माझ्यावर पाळत ठेवायला यार्ड मास्तरांनी सांगितलं असणार, दुसरं काय! म्हाताऱ्याच्या चुका मोजून आणा. घरचाच माणूस मिळाला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी धुकं. चार पाहुणे, चारही सुखरूप पोचवले. एकाच्या बाजूने चालताना टाकीवर हात ठेवला होता, थंडगार. बरं वाटलं. जेवण कमी गेलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

यार्ड मास्तरांनी खोलीत बोलावलं. ते टेबलापलीकडून तोंडातल्या तोंडात बोलतात, हल्लीच्या शिकलेल्या लोकांची पद्धतच आहे. मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा ते मोठ्याने बोलले तेव्हा बाहेर बसलेल्या शिपायालाही ऐकू गेलं असेल.

"एक गाडी अडली की मागच्या सात अडतात. आणखी एकदा विनाकारण थांबवलीत तर मी तुम्हाला फाटकावर बसवीन. किल्ल्या सांभाळा, ऊन खा."

मी म्हटलं, "साहेब, विनाकारण नव्हतं. आवाज भद्द होता."

"झाकण उघडलं तेव्हा काय होतं?"

फाटकावर बसायचं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारायचं, काय म्हातारबुवा, कसं चाललंय, आणि आपण मान डोलवायची. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. पण घरी बसलो तर मी करू काय? छत्तीस वर्षं आणि वर सहा. दुसरं काही मला येतच नाही.

बाहेर आलो तर केबिनच्या जिन्यात जावई आणि केबिनवाला बोलत होते. केबिनवाला वरून सगळ्या यार्डावर नजर ठेवतो, सांधे बदलतो आणि डबा सोडायच्या आधी भोंगा वाजवतो. त्याला आम्ही दुर्बीण म्हणतो. जावई माझ्याकडे बोट दाखवून त्याला काहीतरी पटवत होता. मला बघताच दोघेही गप्प.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन नंबरच्या लाइनीपाशी त्याला गाठलंच.

"जावईबापू, माझ्या मागे मागे तुमचं काय काम असतं?"

"काही नाही मामा. स्किड बघायला आलो होतो."

"तुमची लाइन सात नंबर. ही तीन आहे."

"मग वाट चुकलो म्हणा." असं म्हणून हसला. मग अगदी जवळ येऊन म्हणाला, "मामा, रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघत जा हं. मान वळवून बघा."

मला! ज्याने याला रूळ ओलांडायला शिकवलं त्याला हा शिकवतो!

बुधवार, १२ नोव्हेंबर

पोरगी आली होती. आत स्वयंपाकघरात ती आणि ही बोलत होत्या, मी आत गेलो तर गप्प. मी विचारलं, काय चाललंय? ही ओरडली, "काही नाही, भाजी काय करायची ते!" भाजीसाठी पोरीचे डोळे कशाला ओले होतील?

निघताना पोरगी माझ्या दंडाला धरून, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "बाबा, आता पुरे करा ना. आरामात बसा."

"तुझ्या नवऱ्याने पाठवलं का?"

ती काहीतरी बोलली आणि गेली. काय बोलली ते कळलं नाही. दार आपटल्याचंही लक्षात आलं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर हललं म्हणून समजलं.

म्हणजे आता घरातसुद्धा माझ्याविरुद्ध कट आहे. मॅडमची ही वही कदाचित त्याचाच भाग असेल. तरी लिहितोय. लिहिल्यावर छाती जरा हलकी होते, खोटं कशाला बोलू?

नव्या पत्र्याच्या टाक्या येताहेत. सगळ्याच भद्द वाजतात. पूर्वी कशी घंटेसारखी वाजायची एकेक रिकामी टाकी! हातोडी बदलून बघितली. तेच. पत्र्यातच काही भेसळ असणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अक्षर लागलं नाही तर नाही.

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहितो.

सकाळच्या गाडीत खतकारखान्याच्या दोन टाक्या आल्या. एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या, जुळ्या बहिणींसारख्या, एकीला लागून एक. पहिलीच्या कागदावर अमोनिया, भरलेली. दुसरीच्या कागदावर रिकामी, धुतलेली. धुकं होतं, दोघींच्या अंगावरून पाणी गळत होतं. जुन्या डब्यांच्या स्प्रिंगा बघून तरी वजन कळतं, पण या नव्या टाक्यांना बाजूने पत्रा आहे, काही दिसत नाही.

पहिली ठोकली. भद्द. दोन गोल काढले.

दुसरी ठोकली. भद्द.

मी तिथेच उभा राहिलो. पुन्हा ठोकली. मागच्या बाजूला ठोकली, खाली वाकून ठोकली. भद्द, भद्द. अडवू? मागच्या दोन वेळा असंच झालं आणि दोन्ही वेळा आत हवा निघाली. यार्ड मास्तर टेकाडावर घड्याळ बघत उभे होते. त्यांनी हाताने विचारलं, काय? फाटकाच्या किल्ल्या डोळ्यांसमोर आल्या. मी स्वतःला समजावलं की हल्ली सगळ्याच टाक्या भद्द वाजतात, हिचंही तेच. कागदावर धुतलेली लिहिलंय तर धुतलेली असेल.

दुसरीवर नुसता लाइनीचा नंबर लिहिला, सात. गोल काढले नाहीत.

कागद उलटे लागले होते. कारखान्यातूनच. ज्या टाकीला मी मान दिला ती रिकामी होती, आणि जिला साध्या डब्यासारखं सोडायला सांगितलं तिच्यात काठोकाठ अमोनिया.

मला हे नंतर कळलं. मी तेव्हा खाली उतरलो होतो. तीन नंबरला एक आम्लाचा पाहुणा कालपासून उभा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना साधे डबे लागलेत का ते बघितलं आणि मग आठ नंबरकडे निघालो, गोल काढलेल्या टाकीची जागा बघायला. वाटेत सात नंबर ओलांडत होतो. समोर धुकं. सगळं शांत होतं. अगदी शांत.

एकदम मागून कोणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली आणि मला उचलून बाजूला फेकलं. मी खडीवर तोंडावर पडलो. वळून बघतो तर मी जिथे उभा होतो तिथून ती टाकी चालली होती. एवढी मोठी, काळी, आणि आवाज नाही. निदान मला तरी नाही. जावई माझ्या पायांपाशी आडवा, डावा हात विचित्र वाकलेला.

टाकीला कोणी अडवलं नाही, रुळावर स्किड नव्हतीच. पुढे खडीचे डबे उभे होते त्यांना जाऊन भिडली. धक्का मला पायांतून कळला, जमीन हलली. मग जावई ओरडताना दिसला, "पळा मामा, वारा तिकडे आहे, तिकडून नाही, इकडून!" आणि डोळ्यांना झोंबायला लागलं.

वरच्या झडपेतून गळती सुरू झाली होती. थोडीच, पण थोडा अमोनियासुद्धा पुरे असतो. वारा क्वार्टर्सकडे होता. सगळ्या क्वार्टर्स रिकाम्या केल्या, माणसं शाळेच्या मैदानात नेली. ही आणि पोरगी तिथे चार तास उभ्या होत्या आणि मी यार्डाच्या या टोकाला. त्या कुठे आहेत मला माहीत नाही, मी कुठे आहे त्यांना माहीत नाही. तोंडावर मुखवटे चढवून फिटर झडपेवर चढले. दोघे होते. मी दुरून त्यांच्या हातांकडे बघत होतो. एकदा एकाचा पाना निसटला तेव्हा मी नकळत दोन पावलं पुढे गेलो. दुपारी दोनला त्यांनी हात वर केले. गळती बंद.

जावयाच्या खांद्याचं हाड मोडलं.

आणखी लिहवत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

डोळ्यांची आग आहे. जावई इस्पितळात, पोरगी त्याच्याजवळ. मी भेटायला गेलो नाही. काय बोलणार?

खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला आहे. वाचवलं, ठीक आहे, उपकार झाले. पण स्किड कुठे होती? स्किडवाल्याचं काम काय? रुळावर जोडा ठेवायचा आणि उभं राहायचं. तो जागेवर असता तर टाकी कितीही भरलेली असली तरी थांबली असती. जागा सोडून हिंडत होता, पाळत ठेवत. बघा आता, काय झालं त्या पाळतीचं.

हे मी हिला बोललो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ओरडलीसुद्धा नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चौकशी बसली. बाहेरून तीन अधिकारी आलेत, सोबत आपल्या मॅडम. पहिल्या दिवशी जावयाला बोलावलं, गळ्यात हात अडकवूनच आला. मी बाहेर बाकावर होतो. काय झालं ते नंतर दुर्बिणीने मला सांगितलं, अगदी कानाशी येऊन.

त्यांनी विचारलं, टाकी सुटली तेव्हा तू जागेवर नव्हतास, कुठे होतास?

तर म्हणाला, लघवीला गेलो होतो.

पुन्हा विचारलं, भोंगा वाजल्यावरसुद्धा?

म्हणाला, हो साहेब, पोट बिघडलं होतं, चूक झाली.

ठरल्यासारखंच आहे. कामावरून काढणार. नुसतं काढणार नाहीत, कारण लिहून काढणार, म्हणजे पुन्हा कुठल्या यार्डात उभं करणार नाहीत. त्याला दुसरं काय येतं? त्याचं वय छत्तीस. पोरगी माझ्या घरी येऊन भिंतीला टेकून बसली आहे. माझ्याकडे बघत नाही.

मी दुर्बिणीला म्हटलं, "पण तू भोंगा दिलाच नाहीस."

तो म्हणाला, "बाबा, तीनदा दिला. तुम्ही रुळावर दिसलात म्हणून तिसऱ्यांदा दिला. हात दुखेपर्यंत दाबून धरला."

"मग मला ऐकू कसा आला नाही?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "एक विचारू? स्किड कुठे सापडली माहीत आहे? तीन नंबरपाशी. तुम्ही आधी जिथे उभे होतात ना, तिथून सहा पावलांवर. मुताऱ्या तर फाटकाच्या बाजूला आहेत."

एवढं बोलून तो वर गेला.

त्याच दिवशी, नंतर

झोप येणार नाही, उजेड आहे तोवर पुन्हा लिहायला बसलोय.

तीन नंबर. जावई तिथे स्किड घेऊन काय करत होता? मी तिथे होतो म्हणून. मी तिथून निघाल्यावर तोही निघाला. हातातली स्किड टाकून धावला, म्हणजे त्याला भोंगा ऐकू आला आणि मी थांबत नाही हे दिसलं. पाळत ठेवणारा माणूस स्किड टाकून धावत नाही. पाळत ठेवणाऱ्याला काय, म्हातारा पडला तर कागदावर लिहायचं.

रूळ ओलांडताना मान वळवून बघा, असं तो म्हणाला होता. मान वळवून.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी हिला म्हटलं, तू मला काहीतरी सांगत नाहीस.

ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला." यार्डावरच्या पादचारी पुलावर घेऊन गेली. खाली काम चालू होतं, चौकशीसाठी माल थांबत नाही. मधल्या पायरीवर मला बसवलं.

कानाशी येऊन म्हणाली, "डोळे मिटा. खालून डबा गेला की बोट वर करा. मी मोजते."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हटलं ना!"

मी डोळे मिटले. वारा लागत होता. छत्तीस आणि सहा वर्षं मी या आवाजात काढली. डबा उतारावर सुटतो तेव्हा आधी सूं होतं, मग चाकं सांध्यावर खटखट करतात, मग स्किडवर चढतो तेव्हा किंचाळतो. ते मला झोपेतही कळेल. मी कान देऊन बसलो. एक बोट. मग बराच वेळ काही नाही. यार्डाचं काम किती मंदावलंय, मी मनात म्हटलं. दुसरं बोट. तिसरं. चौथं.

तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. डोळे उघडले.

"किती?" मी विचारलं.

तिने आधी दोन्ही हात दाखवले, मग एक बोट. अकरा.

मी म्हटलं, वारा उलटा आहे. तिने मला पुलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवलं. तिथे मी तीन बोटं वर केली. डबे नऊ गेले.

किटली आठवली. दारं आठवली. पत्र्यात भेसळ नव्हती. रिकामी टाकीसुद्धा मला भद्द वाजते. ठण्ण वाजणारं जे काही आहे ते माझ्यापर्यंत येत नाही, आणि कधीपासून येत नाही ते मला माहीत नाही. किती टाक्या मी अशा ठोकल्या असतील? किती वेळा नशिबाने बरोबर आलो असेन? छत्तीस वर्षं नाव कमावलेला माणूस, आणि गेले कित्येक महिने हातोडी घेऊन नुसता हात हलवत फिरत होता.

आणि तो दहा पावलांवर. थंडीत, उन्हात. स्वतःची लाइन सांभाळून, जमेल तेव्हा माझी पाठ.

मी हिला म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तीनदा सांगितलं. तुम्ही हो हो म्हणून पेपर वाचत बसलात."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग तिने पदर डोळ्यांना लावला. मी विचारलं, जावयाने का नाही सांगितलं, मॅडमना, कोणाला तरी?

ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तो सांगायला निघाला होता. पोरीने अडवलं. म्हणाली, बाबांचं ते काम काढून घेतलंस तर ते वर्षभर जगणार नाहीत. म्हणून मग त्याने ठरवलं, मी मागून चालतो."

जिना उतरताना तिने माझा दंड धरला होता. मी सोडवून घेतला नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. पोरगी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, कुठे?" मला तिच्या ओठांवरून कळलं. मी म्हटलं, येतो.

वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. सांगून काय होणार? मी तर म्हातारा, मला फार तर घरी पाठवतील. पण त्याचं वाचेल याची खात्री काय? जागा सोडली ती सोडलीच. आणि लोक म्हणतील, बहिऱ्या म्हाताऱ्याच्या हातात टाक्या ठेवल्या होत्या. मग यार्ड मास्तर अडकतील, दर वर्षी माझ्या तपासणीच्या कागदावर सही करणारा डॉक्टर अडकेल. डॉक्टर काहीतरी विचारायचे, मी हो म्हणायचो, ते सही करायचे. सगळ्यांना माझ्यामुळे त्रास. घरी नळ उघडा राहिला असेल असंही वाटलं. तरी पाय चालत राहिले.

मला कोणी बोलावलं नव्हतं. शिपायाने अडवलं. मी म्हटलं, मॅडमना सांग, ठोकणारा आलाय.

आत तीन अधिकारी, कोपऱ्यात टंकलेखक, भिंतीपाशी यार्ड मास्तर. जावई बाकावर बसला होता, त्याला आज शेवटची सही करायला बोलावलं होतं. मला बघून तो अर्धा उठला आणि मान हलवायला लागला. नको, नको.

मी उभ्यानेच बोललो. पाठ करून आलो होतो, पण क्रम चुकला. म्हटलं, दुसऱ्या टाकीवर गोल मी काढले नाहीत. आवाज भद्दच आला होता, पण मला तर सगळ्याच टाक्यांचा तसाच येतो. मला भीती वाटली गाडी अडवायची. फाटकावर बसावं लागेल म्हणून. मग सांगितलं की मी सात नंबरवर उभा होतो आणि भोंगा वाजला तो मला समजला नाही. आणि हा, असं म्हणून मी जावयाकडे हात केला, हा लघवीला वगैरे गेला नव्हता.

मधल्या अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. मला ओठ हलताना दिसले. मॅडम त्यांच्याकडे वळून काही सांगायला लागल्या, मी हात वर करून त्यांना थांबवलं.

मी म्हटलं, "साहेब, मला ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

हे वाक्य मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि बोलून झाल्यावर जमीन काही दुभंगली नाही. अधिकारी खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"तुमचा जावई जागा सोडून कोणासाठी गेला होता?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "रोज जायचा."

टंकलेखकाने ते टिपून घेतलं. जावई मोकळ्या हाताने तोंड झाकून बसला होता. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे ठेवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी आधी सगळा कागद वाचला. चौथीची शाळा, वेळ लागतो. कोणी घाई केली नाही. "ऐकू कमी येते" असं लिहिलं होतं. मी त्यांना ते खोडून "ऐकू येत नाही" असं लिहायला लावलं आणि मग सही केली.